स्वस्त गिटार कुठून येते? बेडोक, बावेआन आणि धोबीतलाव

बेडोकच्या एखाद्या ब्लॉकमध्ये संध्याकाळी लिफ्टची वाट बघत उभे राहा. ऑफिसातून परतणारी माणसं, हॉकर सेंटरमधून बांधून आणलेल्या जेवणाच्या पिशव्या, चांगी बिझनेस पार्कचं ओळखपत्र अजून गळ्यात असलेले दोन-तीन देसी चेहरे. आणि बऱ्याचदा एक मुलगा किंवा मुलगी, पाठीवर काळी कापडी बॅग. बॅगेचा आकार बघूनच कळतं आत काय आहे ते.

कदाचित ती बॅग तुमचीच असेल. कॅरोसेलवर कुणीतरी देश सोडून जाताना विकायला काढलेली, किंवा पेनिन्सुला शॉपिंग सेंटरमधल्या दुकानातून दोन-चारशे डॉलरांत घेतलेली अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटार. बाहेरून साधी लाकडी. खांद्यापाशी बटणांची छोटी चौकोनी पेटी, कडेला वायर खुपसायला भोक. मधल्या मोठ्या भोकातून आत टॉर्च मारलात तर लेबल दिसेल. त्यावर बहुतेक वेळा ‘इंडोनेशिया’ किंवा ‘चीन’ लिहिलेलं असतं.

आणि घरी? घरी एक वाक्य ऐकलेलं असतं. ‘त्यापेक्षा पेटी शिकली असतीस तर आरतीला तरी उपयोग झाला असता.’ यात राग नसतो, पण एक गृहीतक असतं: पेटी आपली, गिटार त्यांची.

आजचा लेख या गृहीतकाबद्दल आहे. गिटार श्रेष्ठ की पेटी, हा वाद आपल्याला घालायचाच नाही. आपण फक्त त्या स्वस्त गिटारचा माग काढणार आहोत. ती आवाज कसा करते, ती स्वस्त कशामुळे झाली, आणि बेडोकच्या या किनाऱ्यावर तुमच्याआधी ती कुणाच्या हातात होती. शेवटी पुन्हा त्या वाक्याकडे येऊ.

घोडीखालची पट्टी

तानपुरा जवळून पाहिला असेल तर तारा ज्या पुलावरून जातात त्याला ‘घोडी’ म्हणतात, हे माहीत असेल. गिटारलाही घोडी असते. त्या घोडीत एक पांढरी, पातळ, हाडासारखी पट्टी बसवलेली असते आणि तारा तिच्यावर टेकतात. अकूस्टिक-इलेक्ट्रिक गिटारची सगळी गंमत या पट्टीच्या खाली, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असते.

१८८० साली पॅरिसमध्ये पिएर आणि जाक क्युरी या भावांनी दाखवून दिलं, की क्वार्ट्झसारख्या काही स्फटिकांवर दाब दिला की त्यांच्यात वीज निर्माण होते. हे पिएर म्हणजे पुढे मारी क्युरींचे पती झालेलेच. या गुणधर्माला पिझोइलेक्ट्रिसिटी म्हणतात. गिटारच्या घोडीखाली अशाच पदार्थाची चिंचोळी पट्टी असते. तार छेडली की घोडी थरथरते, पट्टीवरचा दाब कमी-जास्त होतो, आणि त्या दाबाची वीज होते. ती वीज फार क्षीण असते. म्हणून खांद्यापाशी ती बटणांची पेटी, म्हणजे प्रीअ‍ॅम्प, आणि त्यात एक बॅटरी. तिथून वायर, वायरीतून स्पीकर.

ही युक्ती रुळायच्या आधी लोकांनी बरेच खटाटोप केले. गिब्सन कंपनीने १९५४ साली साध्या लाकडी गिटारला इलेक्ट्रिक गिटारसारखा चुंबकी पिकअप बसवून पाहिला. त्याच मॉडेलच्या दोन गिटारी १९६२मध्ये जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी घेतल्या. पण चुंबकाला तारेतलं लोखंड कळतं, लाकडाचा आवाज कळत नाही.

तोडगा काढला तो हेलिकॉप्टर बनवणाऱ्या माणसाने. अमेरिकेत चार्ल्स कामान यांची विमान-हेलिकॉप्टरची कंपनी होती. हेलिकॉप्टरमध्ये मुख्य भांडण कंपनांशीच असतं, त्यामुळे कंपनं जाणणारे इंजिनियर आणि लाकडाला पर्याय ठरणारे कृत्रिम पदार्थ दोन्ही हाताशी होते. शिवाय कामान स्वतः हौशी गिटारवादक. १९६६मध्ये त्यांनी ‘ओव्हेशन’ गिटार काढली. तिची पाठ लाकडाची नव्हती, कृत्रिम पदार्थाची आणि भोपळ्यासारखी गोल होती. काही वर्षांतच गायक ग्लेन कॅम्पबेल यांच्या टीव्ही कार्यक्रमाच्या निमित्ताने तिच्या घोडीखाली पिझो पट्टी आली, आणि हजारो लोकांसमोर उभं राहून, मायक्रोफोनला न चिकटता लाकडी गिटार वाजवणं शक्य झालं.

ही गोष्ट ऐकून मिरज आठवायला हवी. मिरजेचे तंतुवाद्य बनवणारे कारागीर मूळचे शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले यांना धार लावणारे, शस्त्रं घडवणारे. एकोणिसाव्या शतकात संस्थानी लढाया संपल्या, शस्त्रांचं गिऱ्हाईक गेलं, आणि फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी तेच हात सतारी-तानपुऱ्यांकडे वळवले. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या भागातून येऊ लागले. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

म्हणजे एकीकडे तलवारीकडून तानपुऱ्याकडे, दुसरीकडे हेलिकॉप्टरकडून गिटारकडे. वाद्यांचा इतिहास नेहमी देवळातून किंवा दरबारातून सुरू होतो असं नाही. कितीदा तरी तो काम गेलेल्या कारखान्यातून सुरू होतो.

स्वस्ताई कुणी दिली?

हे तंत्रज्ञान सुरुवातीला महागच होतं. ते तुमच्या बजेटमध्ये आलं ते आशियामुळे, आणि इथे एक मजेशीर धागा पेटीशी जुळतो.

१८८७ साली जपानमधल्या हामामात्सु गावात एका शाळेचा रीड ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करायला बोलावलेल्या कारागिराचं नाव तोराकुसु यामाहा. दुरुस्ती करता करता त्यांना वाटलं, हे आपणही बनवू शकतो. आजच्या यामाहा कंपनीची सुरुवात ही. रीड ऑर्गन म्हणजे आपल्या पेटीची सख्खी मोठी बहीण. संगीत नाटकांच्या साथीला जो ‘ऑर्गन’ असे, तोच. म्हणजे जगातल्या लाखो शिकाऊ मुलांची पहिली गिटार ज्या कंपनीची असते, ती कंपनी जन्मली पेटीच्या घराण्यात.

१९६६मध्ये यामाहाने एफजी-१८० नावाची लाकडी गिटार काढली. अमेरिकी गिटारींच्या मानाने ती बरीच स्वस्त होती आणि आवाजाला चांगली होती. पुढे जपानी मजुरी वाढली, काम कोरियात गेलं. कोरियात मजुरी वाढली, काम इंडोनेशिया आणि चीनमध्ये गेलं. कोरियाची कोर-टेक कंपनी १९७३ची. ती स्वतःच्या ‘कोर्ट’ या नावाने गिटारी विकते आणि इतर नावाजलेल्या ब्रँडांसाठीही बनवते. १९९०च्या दशकात तिने जावा बेटावर, सुराबायाच्या भागात कारखाना काढला. सुराबाया हे नाव लक्षात ठेवा, आपण तिकडे परत येणार आहोत.

स्वस्ताईची दुसरी बाजूही सांगायला हवी. २००७पासून कोर-टेकने कोरियातले कारखाने बंद करत आणले. कामगार रस्त्यावर आले आणि रस्त्यावरच राहिले. धरणी, उपोषणं, कोर्टकचेऱ्या असं करत हा लढा तब्बल बारा वर्षं चालला आणि एप्रिल २०१९मध्ये समझोत्याने संपला. या काळात काही कामगारांनी मिळून एक बँड काढला आणि स्वतः ज्या वस्तू आयुष्यभर बनवल्या, त्या वाजवून आंदोलनात गायले.

गिरणगावाची गोष्ट आजी-आजोबांकडून ऐकली असेल तर हे ओळखीचं वाटेल. १८ जानेवारी १९८२ला मुंबईत गिरणी संप सुरू झाला. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. कापड बनत राहिलं, फक्त दुसरीकडे, अजून कमी मजुरीत. स्वस्त शर्ट आणि स्वस्त गिटार यांच्यामागचं गणित एकच आहे. म्हणून काही गिटार परत करायची नसते. पण त्या लेबलवरचा ‘इंडोनेशिया’ हा शब्द वाचताना त्याच्यामागे माणसं आहेत, एवढं माहीत असावं.

आणि लाकूड? महागड्या गिटारींची पाठ आणि कडा ज्या लाकडाच्या असतात, त्याला जगभर ‘इंडियन रोझवूड’ म्हणतात. आपल्याकडे त्याचं नाव शिसव. हो, तोच. शिसवी पलंग, शिसवी पाट, शिसवी देव्हारा. पूर्वी यासाठी ब्राझीलचं रोझवूड वापरत. ते मिळेनासं झालं तेव्हा अमेरिकेच्या मार्टिन कंपनीने १९६९मध्ये भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. हाच वृक्ष जावातही लावलेला आहे, तिथे त्याला ‘सोनोकेलिंग’ म्हणतात. २०१७पासून शिसवाच्या संपूर्ण कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, तेव्हा बऱ्याच कंपन्यांनी स्वस्त गिटारींच्या पट्टीसाठी अक्रोड किंवा लॉरेलसारखी लाकडं वापरायला घेतली. २०१९मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तुमची गिटार जुनी असेल, तर बोटं जिथे टेकतात ती काळपट पट्टी शिसवाची असण्याची बरीच शक्यता आहे. ‘त्यांच्या’ वाद्यावर तुमची बोटं कदाचित आजीच्या देव्हाऱ्याच्याच लाकडावर फिरत असतात.

या किनाऱ्यावर आधी कोण वाजवत होतं?

आता बेडोक. आज तुम्ही ज्याला ईस्ट कोस्ट पार्क म्हणता, तिथे साठ वर्षांपूर्वी समुद्र होता. १९६६पासून टेकड्या कापून त्यांची माती समुद्रात टाकून जमीन बनवायला सुरुवात झाली. बेडोकचे उंच ब्लॉक बहुतेक १९७०च्या दशकापासूनचे. बेडोक रेझरवॉयर ही आधी वाळूची खाण होती. १९८६मध्ये तिचं तळं झालं. त्याआधी सिगलाप-बेडोकच्या या पट्ट्यात कांपोंग होते. कांपोंग म्हणजे वाडी म्हणा: नारळाची झाडं, पत्र्याची किंवा झावळ्यांची छपरं, मासेमारी.

नोव्हेंबर १९६१मध्ये इथून काही मैलांवर, गेलांगच्या ‘हॅपी वर्ल्ड’ स्टेडियममध्ये क्लिफ रिचर्ड आणि ‘द शॅडोज’ वाजवून गेले. त्या पिढीतले सिंगापूरचे वादक आपल्या सुरुवातीबद्दल बोलताना या कार्यक्रमाचं नाव वारंवार घेतात. मुलांनी गिटारी मिळवल्या, ज्यांना परवडल्या नाहीत त्यांनी प्लायवूड कापून घरी बनवल्या. चिनी, मलय, भारतीय, युरेशियन अशा सगळ्या घरांतून बँड निघाले. ‘द क्वेस्ट्स’ या शाळकरी मुलांच्या बँडची ‘शँटी’ ही स्वतःची रचना १९६४मध्ये स्थानिक यादीत पहिल्या क्रमांकावर गेली. मलय भाषेतल्या गिटार-गाण्यांना तर स्वतःचं नाव मिळालं: ‘पॉप ये-ये’. बीटल्सच्या ‘ये, ये’वरून.

या गर्दीतला एक बँड तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे. त्याचं नाव ‘द स्वॅलोज’, गायक कासिम सलामत. ते ज्या भाषेतल्या गाण्यांसाठी ओळखले गेले ती ना इंग्रजी होती, ना मलय. ती होती बोयानीज, म्हणजे बावेआन बेटाची भाषा.

बावेआन हे जावा समुद्रातलं छोटंसं बेट, सुराबायाच्या उत्तरेला. आठवलं ना सुराबाया? तिथली माणसं एकोणिसाव्या शतकापासून सिंगापूरला येत राहिली. घोड्यांची देखभाल, गाडी हाकणं, नंतर मोटारींचे ड्रायव्हर, माळीकाम. नवा माणूस बोटीतून उतरला की तो आपल्या गावच्या ‘पोंडोक’मध्ये जायचा. पोंडोक म्हणजे एकेका गावच्या लोकांनी मिळून चालवलेलं घर. काम मिळेपर्यंत तिथे झोपायला जागा, जेवण, आणि आपली भाषा.

मुंबईच्या धोबीतलावला गोव्यातल्या गावांचे असेच क्लब होते, त्यांना ‘कूड’ म्हणत. बोटीवर नोकरी शोधणारे खलाशी, हॉटेलात काम शोधणारे आचारी आणि बँडमध्ये जागा शोधणारे वादक, सगळे तिथेच. गिरणगावातल्या चाळींत कोकणातल्या एकेका गावाने धरलेल्या खोल्या होत्या, पाळीपाळीने झोपायच्या. पोंडोक, कूड, गावकऱ्यांची खोली: तीन नावं, सोय एकच. बंदर असलेल्या शहरात पोटासाठी आलेल्या माणसाला आधी जागा लागते, आणि जागा मिळाली की संध्याकाळी गाणं लागतं.

स्वॅलोजने जे केलं ते यासाठी मोठं. घोडे सांभाळणाऱ्यांची आणि ड्रायव्हरांची भाषा त्यांनी इलेक्ट्रिक गिटारवर, रेकॉर्डवर, रेडिओवर नेली. ‘ला ओबे’ हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं.

पुढे काय झालं? सिंगापूरच्या शाळेत बोयानीज मुलांची मातृभाषा म्हणून मलय शिकवली जाते. ती अधिकृत चार भाषांपैकी एक, व्यवहारी आणि जवळची. बोयानीज घरात राहिली, मग आजीआजोबांपुरती उरली.

तुमचं काय झालं? तुम्ही सिंगापूरच्या सरकारी शाळेत शिकला असाल तर तमिळखेरीज पाच भारतीय भाषा घेता येतात: हिंदी, बंगाली, पंजाबी, गुजराती, उर्दू. त्यात मराठी नाही. म्हणून बहुतेक मराठी मुलं हिंदी घेतात. ती व्यवहारी आणि जवळची. मराठी घरात राहते, फोनवर आजीशी बोलण्यापुरती. तुम्ही दुबईत किंवा टोरांटोत हे वाचत असाल तर शाळेचे नियम वेगळे असतील, पण फोन तोच असेल.

मला इथे भीती घालायची नाही. बोयानीज लोकांची गोष्ट रडगाणं नाही, त्यांनी सिंगापुरात आपली जागा नीट मिळवली. मुद्दा एवढाच, की शाळेने ज्या भाषेला बाक दिला नाही, तिला काही वर्षं एका गिटारने जागा दिली.

संशयित वाद्य

गिटारकडे संशयाने बघणारे काही फक्त आपलेच आईवडील नाहीत. १९७०च्या दशकात सिंगापूर सरकारने लांब केसांविरुद्ध मोहीम उघडली. लांब केस म्हणजे हिप्पी, हिप्पी म्हणजे अमली पदार्थ, असं समीकरण होतं. १९७२मध्ये ‘लेड झेपेलिन’ या बँडला केसांमुळे इथे कार्यक्रम करता आला नाही. सरकारी कचेऱ्यांत पाट्या लागल्या, की लांब केस असलेल्या पुरुषांचं काम सगळ्यात शेवटी होईल. केस किती म्हणजे लांब, याची चित्रंही त्यावर होती. गिटारवर बंदी नव्हती, पण ती वाजवणाऱ्यावर नजर होती.

तोवर कांपोंग मोडून लोक एचडीबीच्या घरांत आले होते. कांपोंगच्या ओट्याची जागा वॉइड डेकने घेतली. वॉइड डेक म्हणजे ब्लॉकखालचा मोकळा तळमजला, जिथे मलय लग्नं लागतात, चिनी अंत्यविधी होतात आणि म्हातारे बुद्धिबळ खेळतात. १९७० आणि ८०च्या दशकांत तिथेच मुलं साध्या लाकडी गिटारी घेऊन बसायची, आणि ‘कामधंदा नाही यांना’ हे शेरे ऐकायची. रस्त्यावर रीतसर वाजवण्याची सोय सरकारी योजनेतून आली ती १९९०च्या दशकात. आज एमआरटी स्टेशनबाहेर छोटा बॅटरीवरचा अ‍ॅम्प ठेवून जे वाजवतात, त्यांच्या हातात बहुतेक अकूस्टिक-इलेक्ट्रिकच असते.

आता पेटीकडे या. जी आज ‘आपली’ आहे, तिला १ मार्च १९४०पासून ऑल इंडिया रेडिओवर बंदी होती. कारण? ती परदेशी आहे, तिचे स्वर ठोकळेबाज आहेत, तिच्यावर मींड निघत नाही, ती आपल्या गाण्याचा नाश करील. ही बंदी तब्बल तीन दशकं टिकली, १९७१मध्ये सैल झाली. आणि हे कुठल्या पेटीबद्दल? जी गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या वादकाच्या हातात होती, ज्यांनी १९११च्या ‘संगीत मानापमान’ला चाली दिल्या. जिच्याशिवाय महाराष्ट्रात ना भजन व्हायचं, ना नाटक.

पेटी युरोपातून आली. कोलकात्याच्या कारागिरांनी तिचे पाय काढले, भाता हाताशी आणला आणि जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल अशी केली. ती स्वस्त झाली, हलकी झाली, गावोगाव गेली. बंदी कागदावर राहिली, पेटी देवळात राहिली.

म्हणजे ‘आपलं’ वाद्य हे मुळातून आपलं असतं असं नाही. ते परवडतं, उचलता येतं, आपल्या गाण्याला साथ देतं आणि पुरेशी वर्षं घरात राहतं, म्हणून आपलं होतं.

मराठी गिटार होती का?

होती, आणि तिची वाट तुमच्या वाटेला मिळते. १५१०मध्ये पोर्तुगीजांच्या आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा घेतला आणि लगेच १५११मध्ये मलाका. म्हणजे कोकणच्या आणि मलायाच्या किनाऱ्यावर हे पोर्तुगीज सूर मागोमागच उतरले. त्या जहाजांवर आजची गिटार नव्हती, तिच्या पणज्या होत्या. गोव्यात त्यातून मांडो उभा राहिला, ज्याच्या साथीला व्हायोलिन, गिटार आणि आपलं घुमट. आणि गोव्यातून ते वादक आले धोबीतलावच्या कुडांत, तिथून हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदांत. जवळच फुर्तादोजचं वाद्यांचं दुकान. ही पेढी १८६५पासूनची.

मध्यमवर्गीय मराठी घरात गिटार शिरली ती उशिरा. आयात कर भरमसाट, त्यामुळे मिळायच्या त्या ‘गिव्हसन’सारख्या कोलकात्यात बनलेल्या गिटारी. नाव वाचून हसू येईल, पण त्या ‘गिव्हसन’वर भारतातल्या एका पिढीची बोटं सोलली आहेत. तारा पट्टीपासून इतक्या उंच, की पहिला महिना नुसता दुखण्यात जायचा.

त्याच मुंबईत नंदू भेंडे होते. आत्माराम आणि आशा भेंडे या नाट्यक्षेत्रातल्या दांपत्याचा मुलगा, आणि इंग्रजी रॉक गाणारा. १९७४मध्ये मुंबईत झालेल्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मध्ये त्यांनी जूडास केला. चारच वर्षांनी, १९७८मध्ये, पुण्याच्या थिएटर अ‍ॅकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ आणला. मूळ जर्मन नाटक, मराठी रूपांतर पु. ल. देशपांडे यांचं, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचं. त्यात नंदू भेंडे गायले आणि संगीतातही त्यांचा वाटा होता. लावणी, नाट्यसंगीत आणि रॉक एकाच रंगमंचावर, मराठीत. २०१४मध्ये ते गेले. ‘मराठीत हे चालत नाही’ असं कुणी म्हणालं, तर या नाटकाचं नाव सांगा.

आता तुमच्या खोलीत

इतिहास इथवर आणून सोडला तर तो संग्रहालयात जातो. म्हणून थोड्या कामाच्या गोष्टी.

सिंगापूरच्या हवेतली आर्द्रता सरासरी ऐंशी टक्क्यांच्या घरात. गिटारला सोसते ती साधारण पंचेचाळीस ते पंचावन्न. महागडी, अखंड लाकडाची गिटार या हवेत फुगते, घोडी उचकटू शकते. स्वस्त गिटार प्लायसारख्या थरांची असते, तिचा आवाज थोडा बसका, पण ती हे हवामान निमूट सोसते. म्हणजे बेडोकमध्ये स्वस्त गिटार हा काही नाइलाज नाही, तो शहाणपणाही आहे. वाजवून झाल्यावर वायर काढून ठेवा. बहुतेक गिटारींत वायर खुपसली की प्रीअ‍ॅम्प चालू होतो, आणि रात्रभर वायर राहिली की सकाळी बॅटरी संपलेली. आणि शेजाऱ्यांसाठी रात्री साडेदहानंतर वाजवणं टाळा. भिंतीपलीकडचं बाळ कुठल्याच वाद्याला आपलं मानत नाही.

आता पेटीवाल्यांशी बोलण्याची भाषा. आई ‘काळी एक’मध्ये गाते म्हणाली तर घाबरू नका. काळी एक म्हणजे सी शार्प. कॅपो पहिल्या घरात लावा आणि नेहमीचे सीच्या कुटुंबातले कॉर्ड धरा. ‘काळी चार’ हवी असेल तर कॅपो तिथेच ठेवून जीचे कॉर्ड. ‘पांढरी दोन’ म्हणजे डी. सगळ्यात जाड तार ईवरून डीपर्यंत उतरवा. आता जाडीकडून पहिल्या तीन तारा डी, ए, डी झाल्या, म्हणजेच सा, प, सा. त्या मोकळ्या छेडत राहा. तुमच्या हातात तानपुरा आहे. तो मिरजेच्या तानपुऱ्यासारखा झंकारणार नाही, पण बाबा सुरात येतील.

मींडेचा आक्षेप खरा आहे, पडद्यांवर ती पुरती निघत नाही. पण त्यावरही उत्तर शोधणारे झाले. ब्रिजभूषण काब्रा यांनी गिटार मांडीवर आडवी घेतली, तारांवर धातूची कांडी सरकवली आणि राग वाजवला. १९६७च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये संतूर आणि बासरीच्या जोडीला तीच गिटार आहे.

तर ते घरातलं वाक्य. ‘पेटी शिकली असतीस तर आरतीला उपयोग झाला असता.’ पुढच्या गणपतीत कॅपो पहिल्या घरात लावा आणि उपयोग करून दाखवा. नंतर, प्रसाद खाताना, आजीला विचारा की तिच्या लहानपणी घरात कुठलं गाणं होतं. जात्यावरचं असेल, अंगाईचं असेल, एखाद्या सणाचं असेल. फोनवर गाऊन घ्या, रेकॉर्ड करा, मग हळूहळू त्याचे कॉर्ड शोधा. तीनच लागतील कदाचित.

स्वॅलोजच्या पोरांनी असंच काहीसं केलं असणार. त्यांच्या बेटाची भाषा सिंगापूरच्या कुठल्याच वर्गात नव्हती. ती रेकॉर्डवर आहे, म्हणून आज आपण तिचं नाव घेतोय.